रमाबाई रानडे : सेवेआधीचा हिशेब

आमच्या तिरोडीत मँगनीजची खाण आहे. गाव मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात. पण आमची गाडी पूर्वापार भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरहून येते आणि आमच्या घरात मराठीच बोलली जाते. बाजारात हिंदी, घरात मराठी, चर्चमध्ये दोन्ही. मोठं दुखणं निघालं की कोणी बालाघाटला जातं, कोणी गोंदियाला, कोणी थेट नागपूरला. दोन राज्यांमधली सीमा आम्हाला एरवी जाणवत नाही. जाणवते ती फॉर्म भरताना.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामेबहिणीला महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला. आमच्या राज्यात तेव्हा नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेचा घोटाळा गाजत होता. उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय चौकशी सुरू होती, कित्येक कॉलेजं अपात्र ठरत होती आणि मुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षं रखडल्या होत्या. म्हणून घरच्यांनी सीमेपलीकडचं कॉलेज बरं म्हटलं. मामा ठेकेदाराकडे कामाला. पहिला हप्ता उसनवारी करून भरला. मग स्कॉलरशिपची धावपळ. महाराष्ट्राच्या पोर्टलला महाराष्ट्राचा अधिवास दाखला हवा, तो तिच्याकडे कुठून असणार? आपल्या राज्याच्या योजनेतून अर्ज करायचा, तर त्याला लागणारा कॉलेजचा कागद वेळेत हातात पडला नाही. दुसऱ्या हप्त्याची तारीख आली तेव्हा तिने बॅग भरली आणि घरी आली.

त्या दिवसांत तिने मला दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा मी तिला सांगितलं की हे सेवेचं क्षेत्र आहे, धीर धर, देव वाट काढेल. किती पैसे कमी पडतायत, हे मी विचारलंसुद्धा नाही.

यंदा आत्मचरित्राच्या पेपरसाठी रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' वाचायला घेतलं, तेव्हा या फोनची आठवण येईल असं वाटलं नव्हतं. न्यायमूर्तींची पतिपरायण पत्नी, एवढीच रमाबाईंची ओळख माझ्या डोक्यात होती. पुस्तकात ती आहेही. पण १९१० साली आलेलं हे पुस्तक न्यायमूर्तींच्या निधनापाशी थांबतं. रमाबाईंचं स्वतःचं काम तिथून पुढे आहे, आणि मला सांगायचं आहे ते त्या पुढच्या भागाबद्दल. मात्र आधीचा भाग सांगितल्याशिवाय तो कळत नाही.

रमाबाईंचा जन्म १८६२ चा, आताच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. माहेरचं आडनाव कुर्लेकर. मुलींना शिकवायची रीतच नव्हती, त्यामुळे अक्षरओळखही नाही. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न झालं ते बत्तिशीच्या घरातल्या महादेव गोविंद रानड्यांशी. रानड्यांची पहिली पत्नी नुकतीच गेली होती. सुधारक मंडळींची अपेक्षा होती की ते विधवेशी लग्न करतील. पण वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली. मग त्यांनी या लहान मुलीला लगेच पाटीवर धुळाक्षरं गिरवायला बसवलं.

नवरा शिकवतोय म्हणजे सगळं सोपं, असं आपल्याला वाटतं. रमाबाईंचा दिवस मात्र घरातल्या बायकांमध्ये जायचा आणि त्यांना हे शिकणं अजिबात पसंत नव्हतं. टोमणे, अबोला, कामात मुद्दाम काढलेल्या चुका, हे सगळं तिने सोसलं. उलट उत्तर द्यायचं नाही आणि अभ्यासही सोडायचा नाही, असं तिचं धोरण दिसतं. इंग्रजी शिकवायला एक ख्रिस्ती बाई घरी येत. तो धडा झाला की शिवाशिवीचा प्रश्न उभा राही. एक ख्रिस्ती मुलगी म्हणून हा भाग वाचताना मला जरा टोचलं. पण पुढे नर्सिंगच्या वेळी जी भिंत आडवी आली ती हीच होती, म्हणून तो लक्षात ठेवायला हवा.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज निघाला आणि आपल्या रमाबाई त्या सभांना जाऊ लागल्या. मुलींसाठी हायस्कूल हवं या मागणीसाठी त्या गव्हर्नरांपुढे इंग्रजीतून बोलल्या. ते हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, १८८४ मध्ये सुरू झालं. पुढे पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळात रानडे होते, पण तिथल्या मुली ख्रिस्ती होतायत असा गवगवा झाल्यावर १८९३ मध्ये ते मंडळातून बाहेर पडले. म्हणजे विधवांना शिकवायची गरज सुधारकांना पटलेली होती. पण मुलगी शिकायला गेली की धर्माने दूर जाईल ही धास्ती घराघरात बसलेली होती.

१६ जानेवारी १९०१ ला न्यायमूर्ती गेले. रमाबाई मुंबईचं घर सोडून पुण्याला आल्या. काही काळ त्या बाहेरच पडल्या नाहीत. मग हळूहळू येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटू लागल्या, इस्पितळातल्या रोग्यांना फळं-फुलं घेऊन जाऊ लागल्या. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं, तेव्हा अध्यक्षपद रमाबाईंकडेच आलं. १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन सुरू झालं. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. व्यवस्था, पत्रव्यवहार, निधी हा भार त्यांनी उचलला.

सेवासदनात लिहिण्या-वाचण्याचे वर्ग होते, शिवण होतं, पुढे शिक्षिकांचं ट्रेनिंग होतं. पण मला सगळ्यात धाडसाचा वाटला तो नर्सिंगचा निर्णय. १९११ च्या सुमारास संस्थेने पुण्याच्या ससून हॉस्पिटलात मुलींना परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवायला सुरुवात केली.

त्यात धाडस कसलं, असं आज वाटेल. त्या वेळी आपल्याकडे नर्स म्हणजे युरोपियन, अँग्लो-इंडियन नाहीतर ख्रिस्ती बाई. परक्या पुरुषाला हात लावायचा, मलमूत्र साफ करायचं, कोणाही जातीच्या रोग्याला पाणी पाजायचं, रात्रपाळी करायची, हे वरच्या जातीच्या घरांना विटाळाचं आणि बेअब्रूचं वाटे. त्या पोशाखाचीसुद्धा टवाळी होई. आणि त्यात विधवा! तिने केशवपन करून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात राबावं, दुपारी एकवेळ जेवावं, ही ठरलेली वाट.

आता मला जे महत्त्वाचं वाटलं ते सांगते. त्या विधवांच्या मनात सेवाभाव कमी होता म्हणून त्या नर्स होत नव्हत्या, असं अजिबात नाही. आयुष्यभर त्या घरात फुकट सेवाच करत होत्या. अडचणी दुसऱ्या होत्या. राहायचं कुठे? शिकत असताना खायचं काय? लोक नावं ठेवणार नाहीत असं कोणाचं छत्र आहे का? आणि शिकून झाल्यावर पगार मिळेल याची खात्री काय? रमाबाई आणि देवधर यांनी या चारही प्रश्नांची एकेक करून सोय लावली. शिकणाऱ्या मुलींसाठी ससूनजवळ संस्थेचं स्वतःचं वसतिगृह ठेवलं. गरजू मुलींसाठी देणग्यांतून शिष्यवृत्त्या उभ्या केल्या. शिक्षण खऱ्या हॉस्पिटलात ठेवलं, म्हणजे हातात येणारं सर्टिफिकेट नोकरीच्या कामाचं. आणि अब्रूच्या प्रश्नाला तर रमाबाई स्वतःच उत्तर होत्या. न्यायमूर्ती रानड्यांची विधवा, साध्या लुगड्यातली, व्रतवैकल्यं पाळणारी बाई ज्या संस्थेची अध्यक्ष आहे, तिथे मुलगी पाठवायला सनातनी बापालाही फार बोलता येईना. धर्म जाईल ही भीती त्यांनी वाद घालून काढली नाही. ती वाटूच नये असं दार उघडून दिलं. मिशनची दारं आधीपासून उघडी होती आणि तिथे आमच्या कितीतरी आज्या-पणज्या शिकल्या. पण त्या दारातून जी मुलगी कधीच आत आली नसती, तिच्यासाठी हे दुसरं दार होतं. हे मान्य करताना मला कमीपणा वाटत नाही.

यासाठी पैसा सतत लागे. वर्गण्या, देणग्या, सरकारी अनुदान यांवर संस्था चालायची. मोठ्या घरांतून मान असलेल्या या बाईला शेवटची तेरा-चौदा वर्षं दुसऱ्यांसाठी हात पसरावा लागला. त्याची त्यांना लाज वाटल्याचं दिसत नाही. याच काळात मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचं हवं म्हणून पुण्यात त्या झगडल्या, बायकांच्या मताधिकारासाठी उभ्या राहिल्या. १९२४ मध्ये त्या गेल्या. १९६२ मध्ये जन्मशताब्दीला त्यांचं टपाल तिकीट निघालं.

पुस्तक मिटल्यावर मला माझे ते दोन फोन आठवले. आमच्या समाजात नर्सिंग म्हणजे मुलींचं घरचंच क्षेत्र. आम्हाला कोणी विटाळ म्हणत नाही, उलट कौतुक होतं. १२ मे ला फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने मेणबत्त्या लागतात, भाषणं होतात. अब्रूचा प्रश्न आमच्यापुरता सुटलाय. बाकीचे तीन प्रश्न, म्हणजे फी, राहणं-खाणं आणि शेवटची नोकरी, मात्र तिथेच आहेत, आणि सेवा या शब्दाने आम्ही ते झाकून टाकतो. मी तेच केलं होतं.

रमाबाईंची ती जुळणी आजही काही ठिकाणी सगळी एकत्र सापडते. सैन्याच्या नर्सिंग सेवेचंच बघा. त्यासाठीचा चार वर्षांचा बी.एस्सी. कोर्स पुण्याच्या एएफएमसीसारख्या सैन्याच्या कॉलेजांत चालतो. शिक्षण, राहणं, जेवण सरकारी खर्चाने, वर विद्यावेतन आणि पुढे अधिकारी म्हणून नेमणूक. बदल्यात ठरावीक वर्षं नोकरी करण्याचा बॉण्ड. निवडीची पहिली चाळणी नीटच्या गुणांवरून होते, अर्ज फक्त मुलींना करता येतो आणि देशभरात जागा थोड्या. कुठल्या राज्याचा अधिवास आहे हा प्रश्नच तिथे आडवा येत नाही. आमच्या गावात हे मी विचारलं तर एकीलाही माहीत नव्हतं. मलाही याच वर्षी कळलं.

बाकी ठिकाणी जुळणी आपणच करावी लागते, आणि ती प्रवेशाच्या आधी. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिलची आणि त्या राज्याच्या कौन्सिलची मान्यता आहे का? आपली स्कॉलरशिप कुठल्या राज्याची, आणि ती राज्याबाहेरच्या कॉलेजला चालते का? एका राज्यात शिकून दुसऱ्या राज्यात नोकरी करायची तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, हे माहीत आहे का? आणि शेवटी काय? एम्सची नर्सिंग ऑफिसरची परीक्षा आहे, गावपातळीवरच्या आरोग्य केंद्रांत कम्युनिटी हेल्थ ऑफिसरच्या जागा आहेत, रेल्वे आहे, परदेश आहे. पण ही दारं पदवी किंवा पदविका आणि नोंदणी हातात असेल तरच उघडतात. पहिल्या वर्षी बॅग भरून परत आलेल्या मुलीसाठी यातलं काहीच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिरोडीला गेले तेव्हा मामेबहिणीला घेऊन बसले. ती आता एका कापड दुकानात बसते. आधी तिची माफी मागितली. ती हसली आणि म्हणाली की तेव्हा अठरा हजार कमी पडले होते, बस. मग आम्ही वहीचं एक पान घेतलं आणि चार रकाने पाडले : फी, राहणं-खाणं, कागद, नोकरी. जिल्ह्याजवळच्या सरकारी जागा, तीन वर्षांचं जीएनएम, चार वर्षांचं बी.एस्सी., प्रत्येकासमोर आकडा लिहिला. मूळ निवासी, उत्पन्नाचा दाखला, बँक खातं आधारला जोडलेलं, हे सगळं आताच तयार करायला घेतलं. चर्चमधल्या दोन निवृत्त नर्स आहेत, त्यांना मी आमच्या फादरांबरोबर जाऊन भेटले. जो हप्ता अडेल तो आधी आपण भरू, स्कॉलरशिप आली की तिने परत करायचा, असं त्यांनी आपणहून सांगितलं. सेवासदनासारखं काही आम्ही काढलेलं नाही. एक वही आहे, एवढंच.

तिसऱ्या रकान्यातले दोन कागद अजून यायचे आहेत. त्यासाठी ती सोमवारी दुकानातून सुट्टी घेऊन तहसीलात जाणार आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाची बहीण, मैत्रीण नर्सिंगला जायचं म्हणत असेल, तर तिला नुसतं कौतुक करून पाठवू नका. किती कमी पडतायत, ते आधी विचारा.