धानाचे राखणदार : डॉ. रिछारिया

दरेकसा स्टेशनावरून बोरतलाव, डोंगरगड करत गाडी रायपूरला जाते. त्या रायपुरात एक मोठा खजिना आहे. त्यात सोनं नाही, नुसतं धानाचं बी आहे. तो जमवणाऱ्या डॉ. राधेलाल रिछारिया यांची ही गोष्ट.

केंब्रिजला शिकून आलेले हे शास्त्रज्ञ १९५९ मध्ये कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक झाले. पुढे देशात धान्याची टंचाई पडली. १९६६ च्या सुमारास परदेशी ठेंगण्या धानाचं बियाणं आलं. त्याला खत मानवायचं, पीक लोळायचं नाही, उतारा भरपूर. सरकारला घाई होती, तेही खरंच. पण नीट न तपासता बियाणं आणलं तर सोबत रोग येतील, असं रिछारिया सांगत राहिले. वरच्यांना ते रुचलं नाही. त्यांना पद सोडावं लागलं.

तरी ते गप्प बसले नाहीत, बरं का! १९७१ मध्ये रायपूरला भात संशोधन संस्था निघाली, तिचे ते प्रमुख झाले. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशातच होता. गावोगावच्या शेतकऱ्यांकडून मूठमूठ बी आणायचं, त्याचं गावातलं नाव लिहायचं, धान हलका की भारी, उंच बांधीचा की खोलगट पाण्याचा, वासाचा की बिनवासाचा, सगळं टिपायचं. काही धानांची तर पानंच जांभळी! निंदताना रानधान चटकन ओळखू यावं म्हणून शेतकरी ते लावत. ही अक्कल शेतकऱ्यांची, पुस्तकातली नव्हे.

असे सुमारे १९,००० नमुने जमले. पाऊस कमी पडला तर एखादं वाण तगतं, किडीला एखादं पुरून उरतं. नवं वाण काढायलाही असंच जुनं बी लागतं. सगळीकडे एकच वाण असलं आणि त्यावर रोग आला, तर सगळ्यांच्याच बांध्या जातात.

पुढे काही वर्षांतच ती संस्थाही बंद झाली. नमुने कृषी विद्यापीठाकडे गेले. रिछारिया १९९६ मध्ये वारले. २००२ मध्ये एक परदेशी बियाणे कंपनी या साठ्यासाठी विद्यापीठाशी करार करायला निघाली, तेव्हा छत्तीसगडचे लोक चिडून उठले. कंपनीला माघार घ्यावी लागली. साठा रायपुरातच आहे.

पालकांना विनंती : घरी लुचई, चिन्नोर किंवा दुसरं कोणतं जुनं धान असेल, तर मूठभर बी नावाची चिठ्ठी लावून शाळेत पाठवावं.