एका चिमणीचे ऋण

कोहमाऱ्याहून दक्षिणेस गेले म्हणजे नवेगाव बांधाचा विस्तीर्ण जलाशय लागतो. हिवाळ्यात दूरदेशींची बदके येथे उतरतात. येथील पक्षी-अभयारण्यास डॉ. सलीम अली ह्यांचे नाव दिलेले आहे. ह्या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या जीवनास वळण मिळाले ते मात्र त्यांनीच मारलेल्या एका चिमणीमुळे!

सलीम ह्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. बालपणीच ते आईवडिलांस मुकले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी ह्यांनी त्यांचा सांभाळ केला. मामांना शिकारीचा शौक होता. त्यांनी भाच्यास छऱ्याची बंदूक दिली. दहाएक वर्षांच्या सलीमने एके दिवशी एक चिमणी पाडली. उचलून पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! अशी चिमणी खाण्यास चालेल की नाही, ह्या शंकेने तो मामांकडे गेला. मामांनाही तिची जात ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील चिटणीस मिलार्डसाहेब ह्यांनी ती रानचिमणी ओळखली आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्या बिचकलेल्या मुलास दाखविले. त्या खणांतच त्याचे मन अडकले.

पुढे त्यांनी बर्लिनला जाऊन ह्या शास्त्राचे शिक्षण घेतले. परतल्यावर नोकरी मिळेना, तेव्हा १९३० साली किहीमला राहून त्यांनी सुगरणीची घरटी न्याहाळली. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचा ग्रंथ निघाला. अभ्यासासाठी त्यांना पुढेही पक्षी मारावे लागले, हे लपविण्याचे कारण नाही. त्या काळी पक्ष्यांची नेमकी ओळख पटविण्याची रीतच ती होती.

परंतु पाखरू कोठून येते आणि कोठे जाते, हे मेलेले पाखरू कसे सांगणार? १९५९ पासून त्यांच्या मार्गदर्शनाखाली सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याचे मोठे कार्य हाती घेतले. पक्षी अलगद जाळ्यात धरावयाचा. त्याची छाती दाबली जाता कामा नये. दाबल्यास श्वास कोंडून तो मरतो. मग पंख मोजून, वजन करून, पायात क्रमांकाचे हलके कडे घालावयाचे आणि मूठ उघडावयाची. भरतपूरला सोडलेली काही बदके पुढे दूर सायबेरियात सापडली आणि त्यांच्या कड्यांचे क्रमांक मुंबईस कळविण्यात आले.

१९८५ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी ते निवर्तले. आयुष्यात इतके पक्षी पाहिले, हाताळले आणि सोडले; पण त्या पुस्तकास त्यांनी नाव दिले ते खाली पडलेल्या चिमणीचे.