अंध स्थापत्यकार अलेक्झांडर मिचेल

समुद्रकांठच्या ओल्या वाळूंत काठी रोवून पाहिली नाहीं असा मुलगा विरळाच. ती सहज आंत जाते आणि तितक्याच सहज हातीं येते. याच कारणानें वाळूच्या दांड्यांवर पूर्वी दीपगृह टिकत नसे, आणि जहाजें तर तेथेंच फुटत. ही अडचण दूर करणारा पुरुष पूर्ण अंध होता. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

अलेक्झांडर मिचेल यांचा जन्म १३ एप्रिल १७८० रोजीं आयर्लंडांतील डब्लिन शहरीं झाला. पुढें कुटुंब बेलफास्ट येथें आलें. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना वाचतां येईनासें झालें व बाविसाव्या वर्षीं दृष्टि अगदींच गेली. तरीहि विटा पाडण्याचा व घरें बांधण्याचा धंदा त्यांनीं पुष्कळ वर्षें चालविला. १८३३ सालीं, त्रेपन्नाव्या वर्षीं, त्यांनीं मळसूत्री खांबाचें पेटंट घेतलें.

घणानें ठोकलेल्या गुळगुळीत खांबाला आधार दोनच: टोकाखालची जमीन व अंगाशीं होणारें घर्षण. मऊ वाळूंत हे दोन्ही अपुरे, आणि लाटा त्याला उपटावयास टपलेल्या. मिचेल यांनीं खांबाच्या तळाशीं मळसूत्राचें रुंद पातें बसविलें. असा खांब ठोकावयाचा नसून फिरवीत आंत न्यावयाचा असतो. पातें वाळूच्या मोठ्या विस्तारावर भार पसरतें, आणि खांब वर ओढला तर पात्यावरील वाळूचें ओझें त्याला धरून ठेवतें. मात्र प्रत्येक फेऱ्यास तो मळसूत्राच्या एका आट्याइतका खालीं उतरला पाहिजे. जागच्या जागीं फिरूं लागला तर ताक घुसळावें तशी माती सैल होते, आणि तोच खांब पुष्कळ कमी ओझें पेलतो. फिरविण्यास किती जोर लागला यावरून हल्लींचे स्थापत्यकार त्याच्या शक्तीचा अदमास बांधतात.

थेम्स नदीच्या मुखाशीं मॅप्लिन येथील वाळूंत १८३८ सालीं असे ९ लोखंडी खांब उतरविले. पातीं ४ फूट व्यासाचीं होतीं. वाळू खचते कीं काय हें पाहण्यासाठीं ते सुमारें दोन वर्षें तसेच राहूं दिले. तेथील दीप १८४१ मध्यें लागला. फ्लीटवुड येथील दीप त्यापूर्वींच, १८४० मध्यें, लागला होता. अपयशहि आलें: डब्लिननजीक किश येथें १८४२ सालीं वादळानें काम उधळून लाविलें. मिचेल खचले नाहींत. वाऱ्यापावसांत होडींतून कामावर जावें, फळ्यांवरून रांगत खांबांवर हात फिरवावा आणि डोळसांच्या नजरेतून सुटलेला दोष नेमका दाखवावा, हा त्यांचा क्रम. आम्हांस तर त्यांच्या पेटंटापेक्षां हेंच अधिक नवल वाटतें!

आपल्या देशांतहि ही युक्ति आली. मुंबई-बडोदा लोहमार्गावरील भडोचच्या नर्मदेचा पहिला पूल मळसूत्री खांबांवरच होता. नर्मदेच्या पुरांनीं त्याची वारंवार मोडतोड केल्यामुळें १८८१ पर्यंत तेथें नवा पूल बांधावा लागला. भरतीओहोटीची वाळू निराळी व महापुरानें तळ खरवडणारी नदी निराळी.

मिचेल २५ जून १८६८ रोजीं बेलफास्ट येथें वारले. मॅप्लिनचें दीपगृह १९३२ सालीं प्रवाहानें तळची वाळू नेल्यामुळें पडलें. आयर्लंडांत कोव्ह बंदराशीं १८५३ सालीं लागलेलें त्यांचें दीपगृह मात्र अद्यापि आपल्या मळसूत्री पायांवर उभें आहे.