प्रुडन्स क्रँडलबाईंची शाळा

अमेरिकेच्या कनेटिकट संस्थानांत कँटरबरी नांवाचें गांव आहे. सन १८३१ सालीं तेथील प्रतिष्ठित मंडळींच्या आग्रहावरून प्रुडन्स क्रँडल ह्या क्वेकर पंथांत वाढलेल्या बाईंनीं तेथें घर विकत घेऊन मुलींची शाळा काढिली. त्यांचा जन्म १८०३ सालचा. शाळेचा लौकिक लवकरच वाढला.

पुढल्या वर्षीं सेरा हॅरिस नांवाची वीस वर्षांची तरुणी त्यांजकडे आली. तिचा बाप काळ्या वर्णाचा, पण स्वतंत्र शेतकरी होता. आपल्या लोकांच्या मुलांस शिकवितां येईल इतकी विद्या मिळावी, एवढेंच तिचें मागणें होतें. बाईंनीं तिला वर्गांत घेतलें. येथें एक गोष्ट वाचकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी. वर्गांतील गोऱ्या मुलींनीं उघड तक्रार केली नाहीं; त्यांपैकीं कांहीं जणी पूर्वीं गांवच्या शाळेंत सेराबरोबर बसल्याच होत्या. तक्रार आली ती आईबापांची. तिच्या शेजारीं बसणें कमीपणाचें आहे, हें त्या मुलींस शाळेंत नव्हे, घरीं शिकविण्यांत आलें.

बाईंनीं सेरास काढिलें नाहीं. उलट १८३३ च्या फेब्रुवारींत त्यांनीं गोऱ्या मुलींस निरोप दिला, आणि १ एप्रिलपासून काळ्या मुलींसाठींच शाळा उघडली. बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा दूरच्या शहरांतून मुली आल्या. गणित, भूगोल, इतिहास, रसायन, ज्योतिष हे विषय त्यांस शिकवीत.

मग गांव उठलें. दुकानदार माल देईनात, गाडीवाले मुलींस गाडींत घेईनात, वैद्य येईनात. उपासनामंदिराचीं दारेंही त्यांस बंद झालीं, हें लिहितांना आम्हांस लाज वाटते. शाळेच्या विहिरींत कोणीं शेणघाण टाकिली, व शेजारी आपल्या विहिरीचें पाणी देईनात. तेव्हां बाईंचे वडील आपल्या शेतावरून पाणी आणून पुरवूं लागले. विहिरीवरून होणारा छळ काय असतो, हें आमच्या खेड्यांतील वाचकांस समजावून सांगावयास नको! सतरा वर्षांच्या अ‍ॅन एलायझा हॅमंड हिजवर तर भटक्यांविषयींचा जुना कायदा लावून फटक्यांची भीति घालण्यांत आली. मुली डगमगल्या नाहींत.

२४ मे १८३३ रोजीं कायदेमंडळानें, गांवाच्या संमतीशिवाय परसंस्थानांतील काळ्या लोकांस शाळेंत शिकविणें हा गुन्हा ठरविला. जूनमध्यें बाईंनीं एक रात्र तुरुंगांत काढिली. पहिल्या खटल्यांत ज्यूरींचें एकमत झालें नाहीं; दुसऱ्यांत त्या दोषी ठरल्या, कारण काळे लोक ह्या देशाचे नागरिकच नव्हत असें न्यायाधीश डॅगेट यांचें मत पडलें. जुलै १८३४ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें ती शिक्षा रद्द केली खरी, परंतु केवळ तांत्रिक कारणावरून. मुख्य प्रश्नास कोणीं हात लाविला नाहीं.

९ सप्टेंबर १८३४ च्या रात्रीं जमावानें शाळेवर हल्ला करून नव्वदांहून अधिक तावदानें फोडिलीं. मुलींच्या जिवास धोका आहे असें पाहून बाईंनीं शाळा बंद केली. नुकताच त्यांचा विवाह झाला होता. पुढें त्या इलिनॉयांत, व उतारवयांत कॅन्ससांत राहिल्या. तो कायदा १८३८ सालीं रद्द झाला. सेरेनें आपल्या पहिल्या मुलीचें नांव प्रुडन्स ठेविलें.

१८८६ सालीं कँटरबरीच्या शंभराहून अधिक रहिवाश्यांनीं स्वतः अर्ज केला, आणि कनेटिकटनें बाईंस सालीना ४०० डॉलर वेतन बांधून दिलें. तें त्यांस चार वर्षेंही पुरतीं लाभलें नाहीं. २८ जानेवारी १८९० रोजीं त्यांनीं एल्क फॉल्स येथें देह ठेविला.