चटईच्या कडेला कोणी नव्हते

खेळातील पराभव माणूस कालांतराने विसरतो. परंतु पंचाच्या निर्णयाने पदरी आलेला पराभव तो सहसा विसरत नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पोळ्याच्या सुमारास गावोगावी कुस्त्यांच्या आमदंगली भरतात. त्यांत एखादी जोड वादग्रस्त रीतीने सुटली, तर तिची चर्चा पुढच्या पोळ्यापर्यंत पुरते. पाठ टेकली होती की नव्हती, यावरून जुने स्नेही अबोला धरतात. जे गावात, तेच जगात. १९६६ च्या विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या हर्स्टने मारलेला चेंडू आडव्या खांबावर आदळून खाली पडला. तो रेषेच्या आत पडला की नाही, हा वाद जर्मनीत आजही मिटलेला नाही. १९८६ मध्ये मॅराडोनाने हाताने केलेला गोल पंचांना दिसला नाही, हे दुःख इंग्लंडमध्ये अजून ताजे आहे. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल, तर १९४९ च्या फेब्रुवारीतील मुंबईची कसोटी आठवावी. वेस्ट इंडिजविरुद्ध भारताला विजयासाठी अवघ्या सहा धावा हव्या होत्या. वेळ थोडा शिल्लक होता, षटकातला एक चेंडूही शिल्लक होता. आणि पंचांनी बेल्स उचलून सामना संपल्याचे जाहीर केले.

या साऱ्या प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. अन्याय झाला असे ज्यांना वाटले, त्यांच्या बाजूने ओरडणारे हजारो लोक त्या वेळी मैदानात हजर होते. परंतु महाराष्ट्राच्या क्रीडाजीवनातील सर्वांत खोल सल ज्या घटनेचा आहे, ती घडली तेव्हा अन्यायग्रस्त खेळाडूच्या बाजूने बोलणारे कोणीही तेथे नव्हते. ती घटना १९५२ च्या जुलै महिन्यात हेलसिंकी येथे घडली आणि तो खेळाडू म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा धाकटे. आखाड्याची माती त्यांच्या अंगाला शाळेच्या पाटीआधीच लागली असावी. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असताना १९४२ चे आंदोलन पेटले, तेव्हा भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांची पत्रके पोहोचविणे, ही कामे या विद्यार्थ्याने केली. पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयात आले. कोल्हापूर म्हणजे मल्लविद्येची राजधानी. शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय त्या शहराच्या हाडामांसात मुरलेला होता. तेथे बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्यासारखे वस्ताद त्यांना लाभले.

खाशाबांच्या बाबतीत अधिकाऱ्यांचा पहिला प्रतिकूल निर्णय याच महाविद्यालयात झाला. त्यांची शरीरयष्टी किरकोळ. ती पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना वार्षिक स्पर्धेत उतरविण्यास नकार दिला. वस्तुतः पैलवान म्हटले की डोंगराएवढा देह, अशी आपल्याकडची समजूत. तेव्हा त्या शिक्षकांना फारसा दोषही देता येत नाही. खाशाबांनी आदळआपट केली नाही. ते सरळ प्राचार्य खर्डेकरांकडे गेले आणि त्यांनी परवानगी मागितली. ती मिळाली. मग त्यांनी एकामागून एक कुस्त्या मारल्या. वरच्या पायरीवर दाद मागता येते आणि तेथे बसलेला माणूस ऐकून घेतो, हा अनुभव त्यांना पहिल्यांदा येथे आला.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाची सोय केली. आयुष्यभर मातीत खेळलेला हा मल्ल तेथे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चटईवर उतरला. मातीत पाय रुततो, चटईवर तो सरकतो. मातीतली कुस्ती चीतपट होईपर्यंत चालते, चटईवर घड्याळ आणि गुण यांचा हिशेब असतो. एवढा फरक असूनही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. परतल्यावर पुढची चार वर्षे त्यांनी या नव्या हिशेबाचा अभ्यास करण्यात घालविली.

१९५२ च्या निवडीच्या वेळी दुसरा प्रसंग उद्भवला. मद्रासच्या स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी देण्यात आला आणि त्यामुळे हेलसिंकीची संधी हुकली, अशी त्यांची तक्रार होती. या वेळीही त्यांनी वरच्या पायरीवर दाद मागितली. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंग यांच्यापर्यंत त्यांनी आपले गाऱ्हाणे नेले. महाराजांना कुस्तीची जाण होती. त्यांनी पुन्हा लढत घडवून आणली. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले आणि एका गुणाचा वाद कायमचा निकालात काढला.

निवड झाली, पण पैसे कोठून आणावयाचे? सरकारदरबारी खेटे घालूनही मदत वेळेवर हाती येईना. गोळेश्वरच्या ग्रामस्थांनी आणि कराडच्या मंडळींनी वर्गणी जमविली. तरीही रक्कम अपुरी पडली, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळच्या प्राध्यापकाचा पगार आठवावा, म्हणजे या सात हजारांचे वजन ध्यानी येईल. आपल्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याच्या मनगटावर एका शिक्षकाने आपले छप्पर पणाला लावले होते.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांवर मात केली. मग गाठ पडली ती जपानच्या शोहाची इशी याच्याशी. पंधरा मिनिटांहून अधिक काळ ही झुंज चालली आणि खाशाबा ती अगदी थोडक्या गुणांनी हरले. हाच इशी पुढे सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. त्या ऑलिंपिकमध्ये जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्ण होय.

यानंतर जे घडले, तोच महाराष्ट्राच्या मनातला सल. दोन कुस्त्यांच्या दरम्यान मल्लाला किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असा नियम होता. परंतु घामही निथळला नसताना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढण्यासाठी खाशाबांना पुकारण्यात आले. नियमाकडे बोट दाखवून पंचांना थांबविणे हे संघाच्या अधिकाऱ्याचे काम. आणि त्या क्षणी चटईच्या कडेला एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेत, धापा टाकणारा एकटा मल्ल कोणाशी वाद घालणार? महाविद्यालयात प्राचार्य होते, मद्रासनंतर महाराज होते. हेलसिंकीत वरची पायरीच नव्हती. खाशाबा चटईवर उतरले आणि हरले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांच्या गळ्यात कांस्यपदक पडले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. खाशाबांचे सुवर्णपदक पंचांनी हिरावून घेतले, असे आपल्याकडे अनेकदा बोलले जाते. अभिमानापोटी तसे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ते न्यायाचे नाही. इशीविरुद्धची कुस्ती ते विश्रांतीचा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वीच हरले होते आणि इशी हा खरोखरच थोर मल्ल होता. जे हिरावले गेले, ते दुसऱ्या लढतीतील समान संधीचे माप. अर्धा तास मिळाला असता, तर मम्मदबेयोव हरलाच असता, असेही कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. अन्यायाची तक्रार करणाऱ्याने तरी हिशेब चोख ठेवावा. आपली बाजू खरी असताना ती फुगवून सांगितली, की ऐकणाऱ्याला सगळीच खोटी वाटू लागते.

दुसराही एक प्रश्न आहे आणि तो अधिक अवघड आहे. आपला राग कोणावर असावा? पंचाने नियम पाळला नाही, हे खरे. परंतु तो नियम त्याला आठवून देण्यासाठी ज्यांना देशाने तेथे पाठविले होते, ते कोठे होते? पंच परका होता. अनुपस्थिती मात्र आपली होती. परक्यावर रागावणे सोपे असते, कारण त्यात आपल्याला काही करावे लागत नाही. म्हणूनच कदाचित ही हकीकत सांगताना आपला आवाज पंचांपाशी चढतो आणि रिकाम्या खुर्चीपाशी खाली येतो.

ती रिकामी खुर्ची हेलसिंकीत संपली नाही. पदकाच्या दुसऱ्याच दिवशी भारताच्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ६-१ असे हरविले आणि देशाचे लक्ष साहजिकच त्या सुवर्णाकडे गेले. गोळेश्वरने मात्र आपल्या मल्लाला शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने घरी आणले. खाशाबांनी काय केले? त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः त्यांत लढले आणि त्या कमाईतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. ज्याच्यावर अन्याय झाला होता, त्याने आपल्यावरचे ऋण आधी फेडले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर सहायक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. पण बढतीची वाट त्यांना वर्षानुवर्षे पाहावी लागली आणि निवृत्तिवेतनासाठीही झगडावे लागले. कचेरीत फायलींमागे धावणाऱ्या आपल्या वाचकांना या झगड्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले आणि त्यांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचे महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ठरविले. दरम्यान, वैयक्तिक खेळातील दुसरे ऑलिंपिक पदक मिळण्यास देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे थांबावे लागले. कुस्तीतील दुसरे पदक तर २००८ साली आले.

आज काळ पालटला आहे. कुस्तीत पंचाचा निर्णय मान्य नसेल, तर चटईच्या कोपऱ्यात बसलेला प्रशिक्षक आव्हान देऊ शकतो आणि चित्रफीत पाहून निर्णय तपासला जातो. आव्हान चुकीचे ठरल्यास प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो, म्हणून ते विचारपूर्वकच द्यावे लागते. फुटबॉलच्या विश्वचषकातही २०१८ पासून अशी तपासणी सुरू झाली. २०२४ मध्ये पॅरिस येथे विनेश फोगाट शंभर ग्रॅम जादा वजनामुळे अंतिम लढतीपूर्वी अपात्र ठरली, तेव्हा देशभर संताप उसळला. तिचे प्रकरण क्रीडा लवादापुढे गेले. तेथे तिच्या बाजूने वकील उभे राहिले. १४ ऑगस्टला, खाशाबांच्या चाळिसाव्या पुण्यतिथीच्याच दिवशी, तिचे अपील फेटाळले गेले. निकाल विरुद्ध गेला. पण म्हणणे ऐकले गेले. न्याय मिळणे आणि ऐकून घेतले जाणे या दोन गोष्टी एक नव्हेत. मात्र दुसरी नसेल, तर पहिलीची आशाही उरत नाही. १९५२ साली खाशाबांच्या वाट्याला ही दुसरी गोष्टदेखील आली नव्हती. आणि यंत्रे कितीही आली, तरी ती आपणहून आव्हान देत नाहीत. त्यासाठी कोपऱ्यात माणूस बसलेला लागतो.

शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांना या कथेत आपापली जागा सहज सापडेल. गुण देणारा शिक्षक हा पंचच आहे. अर्ज पुढे सरकविणारा कारकून हाही कोणाच्या तरी अर्ध्या तासाचा धनी असतो. उद्या जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी एखाद्या तांड्यावरचा किंवा पाड्यावरचा मुलगा यवतमाळच्या मैदानावर येईल. नियमपुस्तक त्याने पाहिलेलेही नसेल. त्याच्यासोबत पाठविलेले शिक्षक त्या वेळी मैदानाच्या कडेला असतील, की चहाला गेलेले असतील? खाशाबांविषयीचा आपला राग खरा असेल, तर तो व्यक्त करण्याची जागा हीच आहे. हेलसिंकीच्या पंचांना आता कोणी जाब विचारू शकत नाही. त्या कडेची जागा मात्र भरता येईल, आणि ती भरण्यासाठी प्रत्येक वेळी घर गहाण ठेवावे लागत नाही.