गॅलेनाचा डोळा : जगदीशचंद्र बोस

धार-देवासचा मराठी वाचक असो वा फोंड्याचा, जगदीशचंद्र बोस म्हटले की त्याला वनस्पतींची संवेदना आठवते. शिशाच्या एका खनिजातून त्यांनी घडविलेल्या डोळ्याची आठवण मात्र क्वचितच निघते.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग येथे त्यांचा जन्म झाला. केंब्रिजचे शिक्षण आटोपून १८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. युरोपीय सहकाऱ्यांहून कमी वेतन त्यांनी नाकारले आणि तीन वर्षे विनावेतन शिकविले. अखेर सरकारला थकबाकीसह पूर्ण वेतन द्यावे लागले.

१८९४ पासून कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरींवर प्रयोग केले. या लहरी टिपण्यासाठी नाना पदार्थ पारखताना गॅलेना, म्हणजे शिसे व गंधक यांचे संयुग, त्यांच्या हाती लागले. (डोळ्यांत घालावयाच्या सुरम्यात पुष्कळदा हेच खनिज असते!) गॅलेनाच्या स्फटिकाचे त्यांचे साधन विद्युतलहरींप्रमाणे प्रकाशालाही, अगदी अदृश्य अवरक्त किरणांनाही, प्रतिसाद देई. अवरक्त किरणांची ऊर्जा अल्प असते. परंतु या संयुगात इलेक्ट्रॉन मोकळा करण्यास ती पुरते. सिलिकॉनला सुमारे तिप्पट ऊर्जा लागते. इलेक्ट्रॉन सुटले की प्रवाह वाढतो आणि किरण आल्याची वर्दी मिळते. अर्धवाहकांची ही उपपत्ती १९३१ मध्ये मांडली गेली. बोस यांच्यापाशी केवळ प्रयोग होता.

शोधाचे पेटंट घेणे त्यांना रुचत नसे. भगिनी निवेदिता आणि अमेरिकन स्नेही सारा बुल यांच्या आग्रहामुळे १९०१ मध्ये अर्ज झाला व २९ मार्च १९०४ रोजी अमेरिकेचे ७५५८४० क्रमांकाचे पेटंट मिळाले. बोस यांनी त्यापासून काहीही लाभ घेतला नाही. वेतनासाठी झगडणाऱ्या पुरुषाची ही अलिप्तता विसंगत वाटेल. पण तो झगडा बरोबरीसाठी होता. या अलिप्ततेची किंमत मात्र मोठी होती. पुढे घरोघरीच्या रेडिओसंचांत गॅलेनाचा स्फटिक बसला, त्यासोबत बोस यांचे नाव गेले नाही.

१९३३ मध्ये बर्लिनच्या कुट्झशर यांना सार्डिनियातील गॅलेना सुमारे तीन मायक्रॉनपर्यंतचे अवरक्त किरण टिपते असे आढळले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्याच संयुगापासून उष्णतेचा माग काढणारी साधने बनविली. ती पाहण्यास बोस नव्हते. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले होते.