मैदानाचे आचार्य : हॅरी क्रो बक

व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावर प्रांतात नांदणाऱ्या मराठी कुळांच्या लेकी आज साक्कोट्टै-कुंभकोणमच्या शाळांतून निःसंकोचपणे खेळतात. या सुखाचे ऋण आठवताना हॅरी क्रो बक या थोर गुरूचे स्मरण करणे उचित ठरेल.

अमेरिकेत १८८४ साली जन्मलेले बक १९१९ मध्ये वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती संस्थेच्या कार्यासाठी मद्रासेस आले. १९२० साली त्यांनी मोजक्या विद्यार्थ्यांसह शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. तीच पुढे सैदापेठेत अड्यार नदीकाठी महाविद्यालय म्हणून नावारूपास आली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला ते भारतीय चमूसोबत गेले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर ऑलिंपिकचे स्वप्न पाहणाऱ्या सर दोराबजी टाटांच्या कार्याला प्रांतोप्रांती संघटना उभारण्यात त्यांचे साह्य झाले.

तथापि त्यांचे खरे बळ विजेते घडविण्यात नव्हे, शिक्षक घडविण्यात होते. मुलीला परपुरुषाच्या हाताखाली कवायतीस धाडण्यास त्या काळी वडीलधारे कचरत. शिक्षिका तयार झाल्याखेरीज मुलींना मैदान खुले होणार नव्हते. १९४० साली महाविद्यालयाचे दार स्त्रियांसाठी उघडले. तीनच वर्षांनी, १९४३ मध्ये, बक निवर्तले. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मेरी डिसोझा व नीलिमा घोष भारतासाठी धावल्या, तो दिवस पाहण्यास ते उरले नव्हते.

परमुलखात येऊन तेथील लेकरांना आपले मानणाऱ्या या पुरुषाचे मोल, दूरदेशी मुळे रुजविलेल्या आपल्याइतके कोणास कळावे?